‘गांडूळ’ शब्द आला कुठून? पोत्यावर छापायला लाजणाऱ्या नावाची खरी कुळकथा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खानापूर तालुक्यातल्या एका गावी बातमीसाठी जाणे झाले. महिला बचत गटाने गांडूळखताचे शेड उभारले होते. सहा वाफे, वर नारळाच्या झावळ्यांचे छप्पर, बाजूला भरलेली पोती रचून ठेवलेली. पोत्यावर वरच्या ओळीत कन्नडमध्ये ‘एरेहुळू गोब्बर’ असे ठळक छापलेले. त्याखाली मराठीत काय, तर ‘सेंद्रिय खत’.

मी विचारले, ‘‘मावशी, कन्नडमध्ये किड्याचं नाव आहे, मग मराठीत का नाही?’’

गटप्रमुख मावशी पदराने तोंड पुसत हसल्या. ‘‘ते नाव पोत्यावर कसं छापायचं ओ भाऊ? बाजारात पोरं हसतात. आमच्यातल्या दोघी तर म्हणाल्या, असलं काही छापणार असाल तर आमचं नाव गटातून काढा.’’

विषय तिथे हसण्यावारी गेला, पण डोक्यातून गेला नाही. कारण आमच्या पोर्टलवर ‘गांडूळखत प्रकल्पाला भेट’ असा मथळा दिला तेव्हाही दोन वाचकांचे फोन आले होते. एकजण म्हणाले, ‘‘मराठी पत्रकारांना दुसरा चांगला शब्द सापडत नाही काय?’’ एका शाळेच्या कार्यक्रमात पाचवीतल्या मुलीने ‘शेतकऱ्याचा मित्र’ या विषयावर भाषण तयार केले होते, तिला ऐनवेळी सांगण्यात आले की त्या शब्दाऐवजी ‘व्हर्मी’ म्हण. ती बिचारी ‘व्हर्मी हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ असे म्हणून आली. समोर बसलेल्या आजीला वाटले, व्हर्मी नावाचा कुणी मुलगा असेल.

तर मग हा शब्द खरोखरच वाईट आहे का? त्याच्या पहिल्या दीड अक्षरात आपल्याला जे ऐकू येते, त्याचा आणि या किड्याचा काही संबंध आहे का? मी कॉमर्सचा पदवीधर, भाषाशास्त्राचा नाही. पण पोत्यावरचे नाव आणि पोत्यातला माल एकच असावा एवढे बी.कॉम.ला शिकवतात. म्हणून जुने कोश उघडून बसलो.

गंड म्हणजे गाठ

सरळ उत्तर आधी देतो. संबंध नाही. गांडूळ या शब्दाच्या मुळाशी आहे संस्कृतातला ‘गंड’. गंड म्हणजे फुगवटा, गाठ, सांधा. गाल असाही एक अर्थ. हा शब्द आपण आजही बिनदिक्कत वापरतो. मानेला गाठींची माळ उठते ती गंडमाळा. हत्तीच्या कपाळाच्या बाजूचा फुगीर भाग ते गंडस्थळ. कुणी लाजत नाही.

या गंडापासून संस्कृतात गांडुळाचे नाव तयार झाले ‘गंडूपद’. गंडू म्हणजे गाठ किंवा पेर, पद म्हणजे पाय. ज्याच्या गाठी हेच ज्याचे पाय, तो गंडूपद. ज्याने कुणी हे नाव ठेवले त्याने हा किडा जवळून, ओल्या मातीत उकिडवे बसून पाहिला असणार. कारण गांडुळाला पाय नसतात. शरीरभर एकामागे एक कडी असतात. पुढची कडी लांबवायची, मागची आखडून घ्यायची, असे करत तो सरकतो. त्या कड्यांवर बारीक राठ केस असतात, ते मातीत रुततात आणि पकड देतात. आपल्याकडे कॉलेजच्या प्राणिशास्त्रात ज्या जातीचे चीरफाड करून चित्र काढायला लावायचे, त्या फेरेटिमा पोस्थुमाच्या अंगावर अशी सुमारे 100 ते 120 कडी असतात. त्यातल्या 14, 15 आणि 16 व्या कड्यांवर एक जाड पट्टा असतो, जणू दोऱ्याला गाठ मारावी तसा. वयात आलेल्या गांडुळालाच तो असतो; अंड्यांचे कोष त्यातून तयार होतात. गाठ म्हणायची तर ही गाठ लांबूनही दिसते.

गंमत अशी की पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही नाव देताना तेच पाहिले. गांडूळ ज्या संघात येतो तो ‘अ‍ॅनेलिडा’, म्हणजे लॅटिनमधल्या ‘छोटी अंगठी’ या शब्दावरून. आपल्या शालेय पुस्तकात त्याचे ‘वलयांकित प्राणी’ झाले. त्या जाड पट्ट्याला ते ‘क्लायटेलम’ म्हणतात. तो शब्द ओझ्याच्या जनावराच्या पाठीवरच्या खोगिरावरून घेतलेला. आपल्या पूर्वजांनी गाठ पाहिली, त्यांनी खोगीर पाहिले.

अमरकोशातली तीन नावे

‘गंडूपद’ हा काही आडवळणाचा शब्द नाही. अमरकोश पाठ करणाऱ्या जुन्या पिढीला तो माहीत असायचा. अमरकोशात बेडूक, कासव यांच्या शेजारी, पाण्याच्या वर्गात गांडुळाची तीन नावे येतात: महीलता, गंडूपद आणि किंचुलक.

महीलता, म्हणजे जमिनीवरची वेल. काय सुंदर नाव आहे! पावसाची पहिली सर पडून गेल्यावर अंगणात जी तांबूस, ओली, वळणावळणाची रेघ दिसते, तिला वेल म्हणायचे सुचणे ही साधी गोष्ट नाही. पण हे नाव पुस्तकातच राहिले, लोकांच्या तोंडी उतरले नाही.

किंचुलक मात्र उतरला. हिंदीतला केंचुआ आणि बंगालीतला केंचो हे त्याचेच वंशज. आपल्याकडे काही भागांत ‘केचवा’ म्हणतात तेही त्याच वळणाचे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांमध्ये सर्रास केंचुआच चालतो. तिथे घराबाहेर पाऊल टाकले की हिंदी, आणि हिंदीत आपल्या शब्दाशी जुळणारी शिवी जास्त झणझणीत. त्यामुळे तिकडच्या मंडळींनी शब्द बदलला तर त्यांना काय बोलणार?

गंडूपद पालीत ‘गंडुप्पाद’ झाला. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही तो सापडतो. पोटातल्या जंतांचे वर्णन करताना माधवनिदानात काही जंत ‘गंडूपदासारखे’ असतात असे सांगितले आहे. म्हणजे वैद्यांना हा किडा इतका ओळखीचा होता की न दिसणाऱ्या गोष्टीची कल्पना देण्यासाठी त्यांनी त्याची उपमा दिली. रसशास्त्रवाल्यांनी त्याला आणखी भारदस्त नाव दिले, भूनाग. भूनागापासून तांब्याचे सत्त्व काढायची कृती त्यांच्या ग्रंथांत आहे.

मग शेवटी ‘ळ’ कसा आला?

इथे कुणीही शहाणा वाचक अडवेल. गंडूपदाचा गांडूळ झाला म्हणता, तर पदातला ‘प’ आणि ‘द’ गेले कुठे आणि ‘ळ’ आला कुठून? प्रश्न बरोबर आहे. याचे उत्तर संस्कृतात शोधत बसण्यापेक्षा प्राकृतात चटकन मिळते, आणि तेही जैन ग्रंथांत.

जैन परंपरेत जीवांची वाटणी इंद्रियांवरून करतात. स्पर्श आणि चव एवढी दोनच इंद्रिये असलेले ते द्वींद्रिय जीव. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ या प्राकृत ग्रंथात या द्वींद्रियांची यादी आहे. शंख, कवडी, जळू यांच्या रांगेत तिथे दोन शब्द येतात, ‘गंडुल’ आणि ‘अलस’. गंडुल म्हणजे पोटात होणारा मोठा जंत आणि अलस म्हणजे जमिनीतला गांडूळ, असा अर्थ सांगतात. दोघे दिसायला भाऊभाऊच. म्हणून एकाचे नाव दुसऱ्याला चिकटायला वेळ लागत नाही. (आपल्या निपाणी-चिकोडी भागातल्या दिगंबर जैन वाचकांसाठी जाता जाता: कुंदकुंदाचार्यांच्या ‘पंचास्तिकाय’मध्येही अशीच यादी आहे, त्यात कृमींना ‘पाय नसलेले’ असे विशेषण लावले आहे. इकडे गाठी हेच पाय, तिकडे पायच नाहीत. दोन्ही खरेच.)

आता ‘गंडुल’ हा शब्द घ्या आणि मराठीच्या गिरणीत घाला. मराठीची गिरणी दोन कामे नेहमी करते. एक, जोडाक्षराआधीचा अनुनासिक ऱ्हस्व स्वर ती लांबवते. दंडाचा दांडा झाला, मंडपाचा मांडव झाला, कंटकाचा काटा झाला, दंताचा दात झाला. दुसरे, दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा ती ‘ळ’ करते. फलाचे फळ, कालाचा काळ, कुलाचे कूळ. हे दोन नियम लावले की ‘गंडुल’चा ‘गांडूळ’ होतो. ओढूनताणून काही करावे लागत नाही.

अजून खात्री हवी असेल तर आपल्या ताटात बघा. संस्कृत ‘तंडुल’. त्याचे मराठीत काय झाले? तांदूळ. तंडुल-तांदूळ, गंडुल-गांडूळ. फक्त तांदळात ‘ड’चा ‘द’ झाला, एवढाच फरक. बेळगाव-खानापूरचा शेतकरी ज्या वाफ्यात एक पेरतो, त्याच वाफ्यात दुसरा आयता राबत असतो, आणि दोघांचे शब्दही एकाच वाटेने मराठीत आले आहेत. तांदूळ म्हणताना कुणी लाजत नाही.

काही गावांत ‘गांडवळ’ असा उच्चार ऐकू येतो. तो चुकीचा नाही. जुन्या बोलीतले रूप आहे.

राहता राहिली ती पहिली दीड अक्षरे. ती शिवीतल्या शब्दासारखी ऐकू येतात हे खरे, पण त्याला शब्दाचा काय दोष? गंडूपद, गंडुप्पाद, गंडुल ही नावे मराठी भाषा रूपाला येण्याच्या आधीपासून आहेत. त्यांत कुठेही माणसाच्या अवयवाचा विषय नाही. अर्जुनाच्या धनुष्याचे नाव गांडीव, ते कीर्तनात भर सभेत घेतात. बडोद्याच्या वाचकांना तर या भानगडीचे हसूच येईल. गुजरातीत गांडो म्हणजे वेडा, गांडी म्हणजे वेडी. रस्त्याकडेला माजणाऱ्या काटेरी झुडपाला ते ‘गांडो बावळ’ म्हणतात, अगदी आई मुलाला लाडाने ‘गांडो’ म्हणते. राज्याची सीमा ओलांडली की अक्षरांची लाज गळून पडते.

शेजाऱ्यांनी काय पाहिले

सीमाभागात राहण्याचा फायदा असा की एकाच वस्तूला चार नावे कानावर पडतात आणि प्रत्येक नावात वेगळी नजर असते.

कन्नडमध्ये एरेहुळू. हुळू म्हणजे किडा. ‘एरे’चे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे भक्ष्य, आमिष, जे मासे पकडताना गळाला लावतात. दुसरा म्हणजे काळी माती. सौंदत्ती, गोकाक, अथणीकडची काळी जमीन ती ‘एरे भूमी’. त्यामुळे तिकडचे शेतकरी सांगतात की काळ्या मातीतला किडा म्हणून एरेहुळू. ऐकायला छान वाटते, पण जुन्या कन्नडमध्ये या दोन ‘एरें’मधला ‘र’ वेगवेगळा लिहीत. आमिषातला ‘र’ जाड, मातीतला साधा. आणि तेलुगूतही ‘एर’ म्हणजे गळाला लावायचे आमिषच. तेव्हा माझे मत आमिषाच्या बाजूने आहे. शिवाय गांडूळ काही फक्त काळ्या मातीत राहत नाही. खानापूरच्या तांबड्या जांभ्या मातीत तो भरपूर आहे, फक्त ओल हवी आणि कुजका पालापाचोळा हवा.

तेलुगूत रोजच्या बोलण्यात ‘वानपामु’. वान म्हणजे पाऊस, पामु म्हणजे साप. पावसाळी साप! हैदराबादच्या मराठी घरातली मुले हा शब्द आधी शिकतात, गांडूळ नंतर. तमिळमध्ये ‘मण्पुळु’, सरळ मातीतला किडा. गुजरातीत ‘अळसियुं’. वर जैन यादीत जो ‘अलस’ आला, तोच हा. संस्कृतात अलस म्हणजे आळशी, संथ. दिवसरात्र माती उपसणाऱ्याला आळशी म्हणायचे, म्हणजे अन्यायच. पण चाल संथ आहे हे नाकारता येत नाही.

म्हणजे कन्नडवाल्याने गळ पाहिला, तेलुगूवाल्याने पाऊस पाहिला, गुजरात्याने चाल पाहिली. मराठीने त्याचे अंग पाहिले, त्या अंगावरची गाठ पाहिली. एवढ्या नेमक्या नावाला आपणच गटारातले ठरवून बसलो.

मराठीतही प्रांतोप्रांती दुसरी नावे आहेत. शेतीच्या पुस्तिकांत दानवे, वाळे, काडू, शिदोड अशी नावे दिलेली असतात. ज्याला गांडूळ म्हणायचे नसेल त्याने यांतले एखादे घरचे नाव उचलावे, मला काही हरकत नाही. पण ‘वाळा’ म्हणताना जरा सांभाळून. तेच नाव एका बारीक सापालाही आहे. कुंडीखाली, ओल्या विटांखाली सापडणारा, काळसर, चकचकीत, वीतभर लांबीचा तो साप पहिल्या नजरेला गांडूळच वाटतो. नीट पाहिले की अंगावर कडी दिसत नाहीत, बारीक गुळगुळीत खवले दिसतात आणि मधूनच इवलीशी जीभ बाहेर येते. बिनविषारी आहे, मुंग्या-वाळवीची अंडी खातो. मारू नका.

गांडूळ वेगळा, मांडूळ वेगळा

एक घोळ मात्र नावाच्या सारखेपणामुळे खरोखर महागात पडतो. ‘दुतोंडी गांडूळ’ हा आपल्या राजकारण्यांचा आवडता शब्द. निवडणूक आली की एका तरी सभेत ऐकायला मिळतोच. बोलणाऱ्याला म्हणायचे असते की समोरचा दोन्हीकडून बोलतो. पण लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात तो गांडूळ नाही, मांडूळ. मांडूळ हा साप आहे, जाडजूड, तांबूस-तपकिरी, शेपूट आखूड आणि बोथट. संकट आले की डोके लपवून शेपूट वर करतो, म्हणून दोन तोंडे असल्याचा भास होतो. कन्नडमध्ये त्याला ‘मण्णुमुक्क हावू’ म्हणतात.

या मांडुळाबद्दल गुप्तधनाच्या, पैशाच्या पावसाच्या थापा पसरवून त्याची चोरटी विक्री चालते. सीमेच्या अलीकडे पकडायचा आणि पलीकडे विकायचा, असा धंदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली त्याला संरक्षण आहे. पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा. बातमी लिहिताना आमच्याकडेच एकदा ‘दोन लाखांचे गांडूळ जप्त’ असे छापले गेले होते. चूक माझीच, घाईत ‘म’चा ‘ग’ झाला. दिवसभर फोन. एका काकांनी विचारले, ‘‘माझ्या परसात शंभरेक आहेत, कुठे आणून देऊ?’’

आणि हो, खऱ्या गांडुळाचेही दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, ही शाळेतली समजूत चुकीची आहे. पुढचा भाग पुरेसा लांब राहिला तर त्याला नवी शेपूट फुटू शकते, तीही काही जातींत. मागचा तुकडा वळवळतो आणि मरतो. पोरांना सांगा, कुदळ मारून बघू नका.

‘गांडूळ’ म्हणजे कणा नसलेला माणूस, हा अर्थ मात्र प्राणिशास्त्राला धरून आहे. त्याला खरेच कणा नाही. पण कण्याशिवाय त्याने जे केले आहे ते बघायचे तर चार्ल्स डार्विनचे 1881 सालचे पुस्तक आहे. मरण्याच्या आदल्या वर्षी त्या माणसाने जे शेवटचे पुस्तक काढले, ते गांडुळावर. शेताच्या पृष्ठभागावर येणारी विष्ठेची माती वजन करून, वर्षानुवर्षे मोजून त्याने दाखवले की नांगर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा किडा जमीन नांगरतो आहे.

नाव चुकले की हिशोब चुकतो

आता परत त्या पोत्याकडे. मी मावशींना सांगायचा प्रयत्न केला तो लाजेचा नव्हे, व्यवहाराचा मुद्दा होता. ‘सेंद्रिय खत’ हा फार मोठा डबा आहे. शेणखत सेंद्रिय, लेंडीखत सेंद्रिय, साखर कारखान्यातल्या मळीचे खत सेंद्रिय, शहरातल्या कचऱ्याचे कंपोस्टही सेंद्रिय. खत नियंत्रण आदेश 1985 मध्ये पुढे सेंद्रिय खतांचा समावेश झाला, तेव्हा शहरी कंपोस्ट आणि गांडूळखत यांच्या स्वतंत्र नोंदी झाल्या आणि दोघांची मानकेही वेगळी ठरली. कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, ओलावा सगळे. कारण दोन्ही माल वेगळे. मग गिऱ्हाइकाने पोते बघून काय ओळखायचे?

गांडूळखत करायला बायकांना दीड-दोन महिने राबावे लागते. शेण अर्धवट कुजवून थंड करायचे, ताजे टाकले तर उष्णतेने गांडुळे मरतात. सावली हवी, रोज पाण्याचा शिपका हवा, पण चिखल नको. मुंग्या, उंदीर, कोंबड्या यांच्यापासून राखण करायची. शेवटी पाणी तोडायचे, ढीग करायचा, उजेड आणि कोरडेपणा टाळत गांडुळे खाली जातात, मग वरचे चहाच्या पावडरीसारखे खत हाताने उचलून चाळायचे. वापरतात तीही साधी परसातली गांडुळे नसतात. बहुतेक ठिकाणी ‘आयसेनिया फेटिडा’ ही तांबडी जात किंवा ‘युड्रिलस’ ही आफ्रिकी जात आणलेली असते. ती वरच्या थरात राहतात, कचरा भराभर खातात आणि पटापट वाढतात. आपला खोल बिळे करणारा शेतातला गांडूळ वेगळा. त्याचे काम जमीन भुसभुशीत ठेवणे, वाफ्यात राहणे नव्हे.

एवढे करून पोत्यावर ‘सेंद्रिय खत’ छापायचे आणि बाजूच्या दुकानात मळीच्या पोत्यावरही तेच छापलेले. कन्नड वाचणारा गिऱ्हाईक वरची ओळ वाचून गांडूळखताचा भाव देतो. मराठी वाचणारा खालची ओळ वाचतो आणि म्हणतो, ‘‘शेजारी याच्या निम्म्यात मिळतंय की.’’ लाजेपोटी नुकसान कुणाचे झाले?

बरे, ‘व्हर्मी’ म्हटले तर काय मोठे सोवळे होते? लॅटिनमध्ये ‘व्हर्मिस’ म्हणजे किडा, बस्स. जंतावरच्या औषधाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यातही तोच. आपल्याला अर्थ कळत नाही म्हणून तो स्वच्छ वाटतो.

मावशींना मी तंडुल-तांदळाची गोष्ट सांगितली. गाठीची सांगितली. त्यांनी वाफ्यातून एक गांडूळ तळहातावर घेतला, उन्हाकडे धरला आणि तो पट्टा बोटाने दाखवून शेजारणीला म्हणाल्या, ‘‘अगं हे बघ, खरंच गाठ हाय.’’ शेजारीण म्हणाली, ‘‘गाठ हाय ते रोज दिसतंय. पर नाव गाठीचं हाय ते कुणी सांगितलं नव्हतं.’’

लिहायचे कसे

जाता जाता छपाईवाल्यांसाठी. एकटा शब्द ‘गांडूळ’, दुसरा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गांडुळे, गांडुळाने, गांडुळांचे. पण सामासिक शब्दात मूळ रूप टिकते, म्हणून ‘गांडूळखत’, एकत्र आणि दीर्घ. फलकांवर सर्रास ‘गांडुळ खत’ दिसते, ते चूक. व्याकरणात शब्द नपुंसकलिंगी, ‘ते गांडूळ’; बोलण्यात ‘तो गांडूळ’ही चालतो, मी वर बऱ्याच ठिकाणी तेच केले आहे.

महिनाभराने मावशींचा फोन आला. गटाच्या बैठकीत विषय मांडला, दोघी नाही म्हणत होत्या, त्यातली एक तयार झाली. नवीन पोती छापून आली होती. वर कन्नड, खाली तेवढ्याच अक्षरात मराठी. त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. पाचशे पोती, आणि प्रत्येकावर ‘गांडुळ खत’, तोडून आणि ऱ्हस्व. मी काही बोललो नाही. ‘‘छान झालंय मावशी,’’ म्हणालो.